बस आणि आपले सार्वजनिक जीवन



ह्या विद्यालयाच्या संस्थापक गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ दरवर्षी होणाऱ्या व्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, हा मी माझा बहुमान समजतो. चिटणिसांच्या पत्रात ‘संतसाहित्य अथवा आपल्या आवडीचा अन्य कोणताही विषय’ असे शब्द होते. मी दुसरा पर्याय निवडला. विषय कळवल्यावर ‘निमंत्रणपत्रिकेवर “बस” असेच छापायचे ना?’ अशी त्यांनी सौजन्यपूर्वक पृच्छा केली. त्यांची शंका रास्त होती. ज्याने उभे आयुष्य मराठी शिकवण्यात घालवले त्याने मोटारगाड्यांविषयी काय बोलावे, असे कुणालाही वाटेल.

वाहतूकशास्त्रात माझी गती नाही आणि मी त्या अंगाने बोलणारही नाही. मात्र गुरुजींनी ज्या काळात ही शाळा उभी केली, त्या काळात शाळेचा पहिला प्रश्न फळा-खडूचा नव्हता. मुलाने शाळेपर्यंत यायचे कसे, हा होता. व्हाळ भरला की मुले येत नसत. तरी बंद झाली की शिक्षकच येत नसत. विद्या आणि वाट ह्यांचा हा संबंध पुढच्या पिढीत बसने सोडवला, आणि आज आपण, त्याच बसमधून शिकून मोठे झालेले लोक, तिला सोडून चाललो आहोत. आपण सोडून गेल्यामुळे ती कुणाच्या वाट्याची कमी होते, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आरंभ शब्दापासून करतो. सवय जात नाही. ‘बस’ हे एका लॅटिन शब्दाचे शेपूट आहे. ‘ऑम्निबुस’ हे लॅटिनमधील चतुर्थीचे अनेकवचनी रूप. त्याचा अर्थ ‘सर्वांना’, ‘सर्वांसाठी’. १८२६च्या सुमारास फ्रान्समधील नांत ह्या गावी ठरावीक वाटेवरून उतारू नेणारी घोडागाडी सुरू झाली, तिला हे नाव मिळाले. १८२८ मध्ये ती पॅरिसला आणि १८२९ मध्ये लंडनला पोचली. लोकांनी पुढे शब्दाचा धड कापून टाकला आणि प्रत्यय तेवढा ठेवला. भाषेत असे क्वचितच घडते, की मूळ शब्द नाहीसा होतो आणि विभक्तीच अर्थ वाहते. आपण रोज ‘बस आली’ म्हणतो तेव्हा व्याकरणदृष्ट्या ‘साठी आली’ असेच म्हणत असतो.

त्याच्याही आधीचा एक प्रयोग आहे. ब्लेझ पास्कल हे नाव आपल्यातील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना दाबाच्या नियमामुळे ठाऊक असेल. ह्या गणितज्ञ तत्त्वचिंतकाने आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, १६६२ साली, पॅरिसमध्ये पाच सोल भाड्याच्या गाड्या सुरू करवल्या. ठरलेला मार्ग, ठरलेली वेळ, गाडी भरो वा न भरो ती निघणार. आजच्या नगरबसची सारी तत्त्वे तीत होती. परंतु पॅरिसच्या न्यायसभेने तिला मान्यता देताना सैनिक, हुजरे आणि मजूर ह्यांना तीत बसण्यास मज्जाव केला. पुढे ती सेवा बंद पडली. कारणे अनेक असतील. पण सार्वजनिक गाडीतून जनच वगळल्यावर उरते काय, हा प्रश्न मनात येतोच.

आपल्याकडे ‘सार्वजनिक’ हा शब्द मोठ्या इतमामाने सार्वजनिक जीवनात आला. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० सालची. त्या शब्दात तेव्हा ‘सर्वांच्या मालकीचे, म्हणून माझ्या जबाबदारीचे’ असा भाव होता. आज सार्वजनिक नळ, सार्वजनिक रुग्णालय, सार्वजनिक वाहन असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात काय उमटते? ज्यांना दुसरे काही परवडत नाही त्यांच्यासाठी असलेले. शब्द तोच राहिला, अर्थ मात्र जिना उतरून खाली गेला. कोशात ही नोंद सापडणार नाही. ती आपल्या वागण्यात सापडते.

आता आपल्या भूमीकडे येतो. पोर्तुगीज आमदनीत प्रतिष्ठितांचे वाहन म्हणजे मचिला. एक आत बसे आणि चार भोयी खांद्यावर वाहत. १६३३-३४ साली पणजी आणि रायबंदर ह्यांना जोडणारा सुमारे तीन किलोमीटरांचा दगडी बांध-पूल बांधला गेला. मचिलांच्या आणि घोड्यांच्या काळात बांधलेली ती वाट आजही आपल्या मोटारी वाहते आहे. नंतर मोटारगाड्या आल्या. जुन्या पिढीच्या तोंडी बसला ‘कारेर’ हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द होता. पणजी-बेती ओलांडणाऱ्या यांत्रिक होड्यांना ‘गाझोलीन’ म्हणत. तेलाचे नाव होडीला लावण्याचा हा प्रकार मला नेहमीच गोड वाटत आला आहे. परंतु एकंदरीत त्या काळचा गोमंतक हा नद्यांनी तुकडे केलेला प्रदेश होता. पेडण्याच्या माणसाला काणकोण हे परराज्य वाटे.

१९६१ साली मुक्ती आली. पुढच्या दशकात भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने खेडोपाडी प्राथमिक शाळा काढल्या. त्यांचे ऋण ह्या सभागृहातील अनेकांच्या डोक्यावर आहे, माझ्याही. मात्र महाविद्यालये खेडोपाडी काढता येत नव्हती. पणजीचे धेंपे आणि मडगावचे चौगुले ही दोन्ही महाविद्यालये १९६२ सालची. सत्तरीच्या किंवा सांग्याच्या मुलाने शालान्त परीक्षा उत्तीर्ण केली तरी पुढचे शिक्षण तीस-चाळीस किलोमीटर दूर होते. वसतिगृहात राहण्याइतका पैसा नाही, शहरात नातेवाईक नाही. अशा घरांतून पदवीधर निघाले ते कशाच्या बळावर? पहाटेच्या बसच्या. मुलींच्या बाबतीत तर हे शब्दशः खरे आहे. मुलीला शहरात ठेवायला तयार नसलेले वडील तिला सकाळी बसमध्ये बसवून संध्याकाळी बसवर घ्यायला उभे राहायला तयार होते. बसमध्ये गावातली चार माणसे असत, कंडक्टर ओळखीचा असे. आईवडिलांचा विश्वास शहरावर नव्हता, बसवर होता. गोव्यातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास जो कुणी लिहील, त्याने एक प्रकरण ह्या पहाटेच्या बसला द्यावे, अशी माझी सूचना आहे.

आणि म्हणूनच १९७८-७९ साली गोव्यातील विद्यार्थ्यांनी जे पहिले मोठे आंदोलन उभारले ते अभ्यासक्रमासाठी नव्हे, गुणांसाठी नव्हे. बसभाड्यात पन्नास टक्के सवलतीसाठी. मी तेव्हा नवा अधिव्याख्याता होतो. वर्ग ओस पडले, मोर्चे निघाले. आमच्यापैकी काही ज्येष्ठांना ती मागणी क्षुद्र वाटली. ‘पाच-दहा पैशांसाठी हे काय चालवले आहे?’ असे शिक्षककक्षात बोलले जाई. पण रोज दोन बस बदलून येणाऱ्या मुलाच्या घरी ते पैसे म्हणजे महिनाअखेरीस शिक्षण चालू राहणार की थांबणार ह्याचे उत्तर होते. मुलांनी अर्थशास्त्र आमच्यापेक्षा नीट जाणले होते. सवलत मिळाली. त्यानंतर १९८० साली कदंब परिवहन महामंडळ स्थापन झाले आणि गोव्याला स्वतःची सरकारी बस मिळाली. त्या आंदोलनातले अनेक तरुण पुढे वकील, संपादक, आमदार झाले. ते आज कशाने प्रवास करतात हे विचारण्याचा अधिकार मला नाही. पण आपल्याला तो स्वतःला विचारता येईल.

वाचनाविषयी थोडे बोललो नाही तर विषयाला न्याय मिळणार नाही. कदंबची पणजी-मडगाव शटल ज्यांनी वापरली आहे त्यांना ठाऊक आहे : खिडकीवर तिकीट काढायचे, रांगेत उभे राहायचे, बसायला जागा निश्चित, वाटेत थांबा नाही. माझे निम्मे वाचन ह्या आसनावर झाले. विद्यार्थ्यांचे निबंध मी तिथे तपासले, आणि एका प्रबंधाचे परीक्षण झुआरीच्या फेरीबोटीची वाट पाहताना पूर्ण केले; तेव्हा पूल व्हायचा होता. आज माझे माजी विद्यार्थी, जे स्वतः प्राध्यापक आहेत, मला सांगतात की वाचायला वेळ मिळत नाही. त्यांचा रोज दीड-दोन तास मोटार हाकण्यात जातो. ह्या वेळात हातांना काम असते, डोळ्यांना काम असते, आणि मनाला चीड येण्याखेरीज उद्योग नसतो. पगारदार सारथी होण्यासाठी तर आपण त्यांना एम.ए. केले नव्हते.

बसमध्ये वर्तमानपत्र एकट्याने वाचता येत नसे. एकाने ‘नवप्रभा’ किंवा ‘गोमन्तक’ उघडला की पहिले पान त्याच्याकडे, आतले शेजाऱ्याकडे आणि क्रीडापृष्ठ मागच्या बाकावर. आणि त्यावरची चर्चा चाले ती कोकणीत. वाचायचे मराठी, बोलायचे कोकणी, कंडक्टरशी हुज्जत गरज पडल्यास हिंदीत. १९८५ ते १९८७ ह्या काळात राजभाषेच्या प्रश्नावर सभागृहे आणि रस्ते तापलेले होते. माझी बाजू त्या वेळी कोणती होती हे आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे आणि ती आज उगाळण्याचे प्रयोजन नाही. पण त्या दिवसांतही बसमध्ये दोन्ही बाजूंची माणसे खांद्याला खांदा लावून उभी असत, कारण उभे राहायला दुसरी जागाच नव्हती. ‘फुडें वच, फुडें वच’ असे कंडक्टर ओरडला की मराठीवादी आणि कोकणीवादी दोघेही निमूटपणे पुढे सरकत. मतभेद मिटले असे नाही. समोरच्याचा चेहरा मात्र परका झाला नाही. बंद काचेच्या मोटारीत बसून एकेकटे जाणाऱ्या समाजाला ही सोय नाही.

ह्याच काळातली आणखी एक घटना आपल्या स्मरणात असेल. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. बार्देश आणि पणजी ह्यांच्यामधला दुवा ऐन पावसाळ्यात तुटला, आणि आपण सारे पुन्हा फेरीबोटीवर आलो. नवा पूल होईपर्यंत काही वर्षे गेली. हाल झाले, ह्यात शंका नाही. तासन् तास रांगा असत. पण त्या फेरीबोटीवर सचिवालयातला अधिकारी, पाटी घेतलेली नुस्तेकान्न, महाविद्यालयात जाणारी मुलगी आणि ताप आलेल्या मुलाला घेऊन निघालेली आई एकाच फळीवर उभी असत. अधिकाऱ्यालाही त्याच रांगेत ताटकळावे लागत असल्यामुळे फेऱ्या वाढवण्याची निकड त्याला समजावून सांगावी लागत नव्हती. आज मांडवीवर एकाला एक लागून पूल आहेत. २०१९ साली अटल सेतूही झाला. झुआरीवरही नवा पूल झाला. पूल हवेतच. परंतु ज्याला रोज बसची वाट पाहावी लागते अशी व्यक्ती निर्णय घेणाऱ्यांच्या खोलीत आज बहुधा नसते, आणि त्यामुळे पुलावरून बस किती जाव्यात हा प्रश्न पूल बांधण्याइतक्या तातडीने कधी विचारला जात नाही.

महात्मा गांधींनी हीच गोष्ट रेल्वेच्या संदर्भात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सांगितली होती. १९१७ साली त्यांनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाविषयी एक प्रदीर्घ पत्र लिहिले. पुढे ते पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. आफ्रिकेतून परतल्यापासून ते मुद्दाम तिसऱ्या वर्गाने हिंडत होते. डब्यातील घाण, दाटी, उतारूंचे हाल ह्यांचे वर्णन करून त्यांनी सुचवले, की व्हाइसरॉयपासून राजेरजवाड्यांपर्यंत वरच्या मंडळींनी पूर्वसूचना न देता अधूनमधून ह्या वर्गाने प्रवास करावा. त्यामागे त्यागाचे प्रदर्शन नव्हते, शुद्ध व्यवहार होता. ज्याच्या शब्दाला वजन आहे तो जोपर्यंत त्या डब्यात बसत नाही तोपर्यंत डबा सुधारत नाही.

आता आपले आजचे चित्र पाहू. २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार गोव्यातील ४५.२ टक्के कुटुंबांकडे मोटार आहे. देशात हे प्रमाण सर्वाधिक. २०११च्या जनगणनेत आपली लोकसंख्या १४,५८,५४५ होती. नोंदलेल्या वाहनांची संख्या आज त्या आकड्याच्याही पुढे गेली आहे. त्यांतली काही वाहने केव्हाच भंगारात निघाली असतील, तरी ३,७०२ चौरस किलोमीटरांच्या ह्या चिमुकल्या भूमीत माणशी एक वाहन, हा हिशेब छाती दडपून टाकणारा आहे. ह्याला कुणी समृद्धी म्हणेल. ४५ टक्क्यांचा आकडा मी नाकारत नाही. माझे लक्ष उरलेल्या ५५ टक्क्यांकडे जाते. आणि मोटार असलेल्या घरातही ती चालवणारा बहुधा एकच असतो. त्या घरातली सत्तरीची आजी, सोळा वर्षांची नात आणि स्वयंपाकघर सांभाळणारी सून ह्यांच्यापाशी मोटार आहे असे सर्वेक्षण म्हणते. त्यांना विचारा.

बस कशी क्षीण होते, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. गोव्यातील बऱ्याच बस खाजगी मालकांच्या आहेत. ह्यांतले पुष्कळ मालक सधन नव्हेत. कर्ज काढून एक-दोन गाड्या घेतलेली माणसे. त्यांची मिळकत त्या दिवशी किती तिकिटे फाटली ह्यावर. त्यामुळे गाडी स्थानकावर भरेपर्यंत थांबते, आणि एकदा सुटली की पुढच्या थांब्यावरचे उतारू दुसऱ्याच्या गाडीत जाऊ नयेत म्हणून सुसाट धावते. आधी मुंगी, मग घोडा! आपण ह्याला ड्रायव्हरचा उद्धटपणा म्हणतो. काही अंशी तो असेलही. पण मुळात तो हिशेबाचा परिणाम आहे. ह्या बेभरवशाला कंटाळून नोकरदार स्कूटर घेतो. त्याचे तिकीट गेले. दुपारची आणि रात्रीची फेरी, जिच्यात मुळातच उतारू थोडे, ती प्रथम तोट्यात येते. मालक ती बंद करतो. आता संध्याकाळी उशिरा सुटणाऱ्या दुकानातल्या मुलीला परतीची बस नाही, म्हणून तीही कर्जाने स्कूटर घेते. आणखी एक तिकीट गेले. असे करत करत शेवटी बसमध्ये तेच उरतात ज्यांना स्कूटर घेता येत नाही किंवा चालवता येत नाही. त्यांचा आवाज क्षीण, म्हणून बसही क्षीण. साडेसात-आठनंतर आतल्या गावांना जाणारी बस मिळणे किती दुर्घट झाले आहे हे मी सांगायला नको.

शासनाने काही केलेच नाही असे म्हणणे अन्याय्य ठरेल. खाजगी बस कदंबच्या छत्राखाली आणून मालकाला तिकिटांऐवजी किलोमीटरमागे मोबदला देणारी ‘म्हजी बस’ ही योजना मला योग्य दिशेची वाटते. कारण ती नेमकी वरील हिशेबावरच बोट ठेवते. किलोमीटरला पैसे मिळाले की भरेपर्यंत थांबण्याचे आणि शर्यत लावण्याचे कारणच उरत नाही. पणजीत विजेवर चालणाऱ्या बस आल्या आहेत. फेरीबोटीतून पायी जाणाऱ्याला भाडे पडत नाही, ही तर गोव्याची जुनी आणि उदार परंपरा. शाळांना सरकारी साहाय्याने ‘बालरथ’ मिळाले, त्यामुळे लहान मुलांची मोठी सोय झाली. परंतु बालरथाविषयी एक शंका नोंदवतो. मुले वेगळ्या गाडीत गेली आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या आईवडिलांची सार्वजनिक बसविषयीची काळजीही गेली. बालरथ महाविद्यालयापर्यंत नेत नाही. अकराव्या-बाराव्या इयत्तेनंतर मुलगा बसच्या थांब्यावर येतो तेव्हा तिथे बस नसते, आणि घरातून स्कूटरची किल्ली मिळते.

ह्या किल्लीविषयी बोलताना माझा आवाज थोडा कठोर होईल, क्षमा असावी. २०२२, २०२३ आणि २०२४ ह्या तिन्ही वर्षी गोव्याच्या रस्त्यांवर प्रत्येकी अडीचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीस्वार सर्वाधिक. पंधरा लाखांच्या वस्तीत दरवर्षी एवढी माणसे एखाद्या रोगाने गेली असती तर आपण गावोगाव लस टोचली असती. सकाळी वर्तमानपत्रात छायाचित्र येते, वय एकोणीस, वय बावीस. आपण हळहळतो आणि पान उलटतो. मी वर्गात ज्यांची हजेरी घेतली अशा काहींची नावे मला ह्या रकान्यात वाचावी लागली आहेत. मुलगा बेदरकार होता, असे आपण म्हणतो. असेलही. पण त्याला दुसरा मार्ग काय होता, हे विचारत नाही. बसमधला मुलगा कितीही बेदरकार असला तरी खिडकीत डोके टेकून झोपण्यापलीकडे त्याच्या हातून काही होत नाही.

इंधनाचा हिशेब साधा आहे, तो झटकन सांगतो. मोठी डिझेल बस लिटरमागे साधारण चार किलोमीटर जाते. तीत ४० माणसे असली तर प्रत्येक लिटराने ४० जण चार-चार किलोमीटर गेले, म्हणजे १६०. मोटार १५ किलोमीटर जाईल आणि तीत बहुधा एकटा मालक असतो, म्हणजे १५. स्कूटरवर दोघे बसले तर हा आकडा शंभराच्या जवळ जातो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. स्कूटरचा दोष तेल पिण्याचा नाही, तो मी आताच सांगितला. जागेचा हिशेब त्याहून बोलका आहे. ४० जण ४० मोटारींतून निघाले तर नाकाला शेपूट लावून उभ्या केल्या तरी दीडशे मीटरांहून लांब रांग होते. बसला दहा-बारा मीटर पुरतात. रस्ते रुंद करण्यासाठी आपण आंब्या-फणसांची झाडे तोडली, घरांचे सोपे मागे सरकवले, एखाद्या घुमटीचे स्थलांतर केले. त्या रुंद रस्त्यावर आज पुन्हा तीच रांग उभी आहे.

काही आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. आपली गावे वाड्यांनी पसरलेली. बस हमरस्त्यावरून जाते आणि घर तिथून दीड किलोमीटर आत असते. ह्यासाठी गोव्याने ‘पायलट’ ही स्वतंत्र संस्था निर्माण केली, भाड्याची मोटारसायकल चालवणारा. तिचा बसशी मेळ घातला तर हा प्रश्न बराच सुटेल. गर्दीत स्त्रियांना त्रास होतो. होतो, आणि त्याला उत्तर गर्दीच्या वेळी जादा फेऱ्या हेच आहे, बस सोडणे हे नव्हे, कारण सोडण्याची ऐपत नसलेल्या स्त्रिया त्याच गर्दीत मागे राहतात. वेळ अधिक लागतो हेही खरे. आजारी माणसाने, तान्ह्या मुलाच्या आईने, अवजड सामान नेणाऱ्याने मोटार वापरू नये असे म्हणण्याइतका मी हेकट नाही. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली तेव्हा मला वाटले होते की आता पेडणे ते काणकोण रोजचे जाणे-येणे गाडीने होईल. तसे फारसे झाले नाही. स्थानके म्हापसा-पणजीपासून बाजूला, थिवी आणि करमळीला, आणि तिथून पुढे न्यायला बस वेळेवर नाही. पुन्हा बसच.

विद्यालयाच्या चालकांना दोन विनंत्या करून थांबतो. पहिली, आठवी ते दहावीच्या मुलांकडून पुढच्या महिन्यात एक पाहणी करून घ्यावी. आपल्या गावावरून कोणती बस किती वाजता जाते, शेवटची केव्हा, कोणती फेरी गेल्या पाच वर्षांत बंद झाली, हे मुलांनी थांब्यावर उभे राहून आणि कंडक्टरांना विचारून लिहून काढावे. फोंड्याच्या परिसरातील पंचवीस-तीस गावांची अशी वही तयार झाली तर ती परिवहन खात्याकडे नेता येईल. आणि मुलांचा निबंधलेखनाचा सराव होईल तो वेगळाच. दुसरी विनंती माजी विद्यार्थी संघाला. आपल्यापैकी जे पणजीला किंवा मडगावला नोकरी-व्यवसायासाठी जातात त्यांनी आठवड्यातून दोन दिवस बसने जावे, आणि उशीर झाला, फेरी रद्द झाली, की लेखी तक्रार करावी. शुद्ध मराठीत किंवा कोकणीत, आपल्या सहीनिशी आणि हुद्द्यासह. थांब्यावर रोज उभ्या राहणाऱ्या बाईने शंभर वेळा सांगून जे होत नाही, ते आपल्या एका पत्राने होईल. हे न्याय्य नाही, हे मला कळते. पण तूर्त तसे आहे.

सभेचा कार्यक्रम साडेसहाच्या आत संपवावा असे मी चिटणिसांना आधीच कळवले होते, कारण श्रोत्यांपैकी काहींना शेवटची बस गाठायची आहे.